नवी मत्स्यपेटी आणि कावेरीचे पाणी

घरात काचेची नवी पेटी आणावी, तळाशी धुतलेली वाळू पसरावी, पाणी भरून दुकानातून पिशवीत आणलेले चार-सहा मासे तीत सोडावेत, पहिले तीन-चार दिवस मुलांपासून आजीपर्यंत साऱ्यांचे डोळे त्या पेटीला खिळावेत, आणि आठवडा पुरा होण्याच्या सुमारास एकामागून एक मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडांची उघडमीट करू लागावेत व पाहता पाहता उलटे व्हावेत, हा अनुभव मत्स्यपालनाच्या हौशीइतकाच जुना व सार्वत्रिक आहे. दोष दुकानदाराच्या पदरी पडतो, कधी उन्हाळ्याच्या, तर कधी शेजारणीच्या दृष्टीच्या. पाण्यावर संशय सहसा कोणी घेत नाही, कारण पाणी त्या दिवशीही नितळ असते. किंबहुना वाळूची धूळ खाली बसल्यामुळे ते पहिल्या दिवसापेक्षा अधिकच नितळ दिसते. नव्या पेटीतले पाणी स्थिरावते म्हणजे नेमके काय होते, त्यासाठी आजवर कोणकोणते उपाय सुचवले गेले, आणि थंड देशांतील पुस्तकांत लिहिलेले ते उपाय तंजावरच्या पंचक्रोशीत, म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यापाड्यांत, कितपत लागू पडतात, याचा हा आढावा.

निवळ पाण्याविषयीची आस्था या मुलखाला नवी नाही. सेवप्प नायकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळ्यात पावसाचे पाणी आधी साठवावे, गाळ तेथेच बसू द्यावा, आणि वरचे निवळलेले पाणी भुयारी वाटेने बृहदीश्वराच्या शेजारच्या शिवगंगा तळ्यात घ्यावे, अशी तजवीज तंजावरास नायक राजांच्या काळापासून होती. पुढे ज्या भोसल्यांनी 1855 पर्यंत येथे राज्य केले, आणि ज्यांचा मराठी वंशवृत्तांत 1803 साली त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरला गेला, त्यांच्या वाट्यालाही ही व्यवस्था वारशाने आली. घरोघर गढूळ पाण्याच्या मडक्यात निवळीचे बी आतून उगाळण्याचा प्रघात होता, आणि हे बी, ज्याला तमिळ लोक तेत्तांकोट्टै म्हणतात, मातीचे सूक्ष्म कण एकत्र बांधून तळाशी नेते यात शंका नाही. परंतु निवळीने गाळ बसतो, अमोनिया बसत नाही. आणि मत्स्यपेटीचा सारा प्रश्न न दिसणाऱ्या द्रव्यांचा आहे. पाणी डोळ्यांनी पारखण्याची पिढीजात सवय, जी पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत पुष्कळशी उपयोगी पडली, तीच येथे फसवते.

मासा जे खातो त्यातील नत्राचा बराचसा भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो, आणि न खाल्लेले अन्न कुजून त्यात भर घालते. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया क्षणोक्षणी विरळ होतो व जिवाणू त्याचा फडशा पाडतात. नव्या पेटीत पाणी थोडे आणि जिवाणू जवळजवळ नाहीत. या जिवाणूंचा शोध लागण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. 1850 च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच पात्रात ठेवून परस्परांच्या आधारावर चालणारा संसार उभा केला, आणि आपल्या यशाचे श्रेय मुख्यतः वनस्पतींच्या प्राणवायूला दिले. 1877 साली श्लोझिंग व म्युंत्स या फ्रेंच संशोधकांनी वाळू व चुनखडीच्या स्तंभातून गटाराचे पाणी झिरपवून दाखवले की काही दिवसांनी अमोनियाचे नायट्रेट होऊ लागते, आणि क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबते. अर्थात करणारा कोणी सजीव आहे. योगायोग असा की, हे काम अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट अशा दोन पायऱ्यांनी व निरनिराळ्या जिवांकडून होते, हे रॉथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगशाळेत ज्यांनी दाखवले ते रॉबर्ट वॉरिंग्टन पहिल्या वॉरिंग्टनांचेच चिरंजीव होते. बापाच्या काचपात्रातील न उलगडलेला अर्धा भाग मुलाने शेतातील मातीत उलगडला. 1890 नंतरच्या वर्षांत विनोग्रादस्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले, आणि त्यानंतर शंभर वर्षे प्रत्येक हौशी पुस्तकात नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही जोडी ठरीव सरकारी मसुद्यासारखी उतरत राहिली.

हा मसुदा गेल्या तीस वर्षांत पुष्कळसा रद्दबातल झाला आहे. 1990 नंतरच्या दशकात गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइटचे काम करणारा जिवाणू बहुतांशी नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असतो असे आढळले. 2005 साली सिॲटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या खडीतून अमोनिया पचवणारा एक अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, म्हणजे आर्किया, वेगळा काढण्यात आला, आणि घरगुती गाळण्यांतही याच कुळाचे प्राबल्य पुष्कळदा असते असे पुढे दिसले. 2015 साली तर दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारे नायट्रोस्पायरा सापडले. हौशी माणसाला या नामावळीशी कर्तव्य काय, असे कोणी विचारील. कर्तव्य एवढेच की, बाटलीवर एका जिवाणूचे नाव छापून तो विकणाऱ्याने कोणता जिवाणू विकला, आणि तो आपल्या पेटीत नांदणाराच आहे का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यामुळे गिऱ्हाइकाला प्राप्त होतो.

आता विषाची मात्रा. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो, एक कल्ल्यांतून सहज आत शिरणारा मुक्त अमोनिया आणि दुसरा बराचसा निरुपद्रवी अमोनियम, आणि या दोहोंतील वाटणी पाण्याचा सामू व उष्णमान ठरवतात. सामू 7 आणि उष्णमान 25 अंश असता मुक्त अमोनिया शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो. सामू 8 झाला की तो शेकडा पाचांच्या वर जातो. आणि सामू 8 असता पाणी 30 अंशांवर गेले की शेकडा साडेसातांच्या घरात पोहोचतो. म्हणजे इंग्लंडातल्या एखाद्या भागातील मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यात चाचणीच्या नळीला जो हिरवा रंग आला असता पुस्तककाराने धीर धरा म्हणून सांगितले, तोच रंग तंजावरच्या मे महिन्यात, दुष्फेन व अल्कधर्मी पाण्यात आला, तर धीर धरणे म्हणजे मासे गमावणे होय. दुसऱ्या पायरीचे विष नायट्राइट. ते रक्तातील रंगद्रव्य निकामी करून माशाला भरपूर प्राणवायूतही गुदमरवते, आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. त्यावर उतारा मात्र स्वयंपाकघरातच आहे. दहा लिटर पाण्यास एक ग्रॅम मीठ घातले असता मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दारातच अडवते.

त्रिभुज प्रदेशात पेटी भरण्यास पाणी चार ठिकाणांहून येते, आणि या चारांचा स्वभाव इतका भिन्न आहे की एकाच गावातील दोन घरांना एकच सल्ला देणे धोक्याचे ठरावे. पहिले कालव्याचे. 1934 साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे 12 जूनला उघडतात, ते पाणी काही दिवसांनी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोहोचते, आणि तेथून कावेरी, वेण्णार व तंजावर शहरातून जाणारा, लोकांच्या तोंडी ‘पुदु आरु’ असलेला कालवा अशा वाटांनी ते शेतोशेती पसरते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी स्त्रिया घाटावर जाऊन या नव्या पाण्याची पूजा करतात. पेटीवाल्याने मात्र या पाण्याचे दुरूनच दर्शन घ्यावे हे उत्तम, कारण पहिल्या लोंढ्यात वर्षभराचा गाळ असतो, आणि पुढे कुरुवै व सांबा या भातपिकांना युरिया व कीटकनाशके पडू लागली की शेतातून कालव्यात परतणाऱ्या पाण्यात दोहोंचा अंश उतरतो. युरिया पाण्यात फुटून अमोनियाच होतो, म्हणजे मासे सोडण्यापूर्वीच पेटीत त्यांच्या वाट्याचे विष मांडून ठेवल्यासारखे होते. कीटकनाशकाची मात्रा तर घरगुती चाचणीत दिसतही नाही.

दुसरे पाणी बोअरचे. ते या भागात सर्वांत सुलभ आणि सर्वांत दुटप्पी. पंप सुरू करून स्टीलची बादली भरावी, तर पाणी काचेसारखे. तीच बादली परसात तशीच ठेवावी, तर काही गावांत सायंकाळपर्यंत पाण्याला फिकट तांबूस छटा येते, वर इंद्रधनुषी तवंग धरतो, आणि सकाळी बादलीच्या तळाशी गंजाचे बोटाने पुसता येईल असे पूट बसलेले असते. हे जमिनीखालच्या प्राणवायूरहित पाण्यात विरलेले लोह हवेशी गाठ पडताच बाहेर पडलेले असते. त्याच रात्रीत पाण्यात कोंडलेला कर्बद्विप्राणिद वायूही निघून जातो, आणि सामू, जो पंपाच्या तोंडाशी मोजला असता 7 च्या आसपास होता, तो पुष्कळ वर चढतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की बोअरचे पाणी भरल्याबरोबर मोजलेला सामू हा त्या पाण्याचा खरा सामू नव्हे. एक अहोरात्र हवेचा बुडबुडा सोडून मगच ते मोजावे आणि मगच वापरावे. समुद्राकडे, नागपट्टणम्–वेदारण्यम्‌च्या पट्ट्यात, याच बोअरला खारेपणाची जोड मिळते, आणि गोड्या पाण्यातील नाजूक मासे तेथे पाळू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरे नळाचे. कोळ्ळिडमच्या पात्रातील विहिरींतून दूरदूरच्या गावांना योजनेचे पाणी जाते. गावाच्या उंच टाकीत विरंजक चूर्ण पडते, आणि नळाच्या तोंडाशी लिटरामागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे. टाकीत चूर्ण टाकणाऱ्या माणसाचा हात त्या दिवशी किती सढळ होता यावर प्रत्यक्ष मात्रा अवलंबून असते. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो हे सर्वश्रुत आहे. तो गाळणीतील कष्टाने जमवलेले जिवाणूही मारतो, आणि महिनाभराची कमाई एका बादलीने धुऊन नेतो, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. उघड्या बादलीत एक दिवस हवा देऊन ठेवणे, अथवा छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत त्या सोडियम थायोसल्फेटचे दोन-चार खडे विरघळवणे, हे दोन्ही उपाय खात्रीचे आहेत.

चौथे पावसाचे. तमिळनाडूत 2003 पासून इमारतींना पर्जन्यजल संचयन सक्तीचे झाल्यामुळे ते अनेक घरी उपलब्ध असते, आणि ईशान्य मोसमी पावसात मुबलक असते. हे पाणी शुद्ध म्हणून पुष्कळांना मोह होतो, पण शुद्धता हाच येथे त्याचा अवगुण. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल पचवून घेण्याची पाण्याची शक्ती, खर्ची पडते. पावसाच्या पाण्यात ही शिल्लक नसल्यामुळे काही आठवड्यांतच सामू कोसळतो, जिवाणूंचे काम थंडावते, आणि स्थिरावू पाहणारी पेटी पुन्हा मूळपदावर येते. बोअरचे निवळलेले पाणी दोन भाग आणि पावसाचे एक भाग, असे मिश्रण या प्रदेशात बहुतेक माशांना मानवते. ज्यांना पावसाचेच वापरायचे आहे त्यांनी गाळणीत मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवावेत. पानाला लावायचा चुना मात्र कधीही नको, कारण त्याची चिमूटभर चूकही सामूला एका रात्रीत आभाळाला भिडवते.

पाणी निवडल्यावर ते स्थिर कसे करावे याविषयी जी मते प्रचलित आहेत त्यांत सर्वांत जुने, ‘पेटी भरून पंधरा दिवस रिकामी ठेवा’ हे, सर्वांत निरर्थक आहे. रिकाम्या पेटीत जिवाणूंना खाद्यच नसते, आणि पंधरा दिवसांनीही ती पहिल्या दिवसाइतकीच कोरी असते. दुसरे मत चिवट मासे आधी सोडून त्यांच्या जिवावर पेटी तयार करण्याचे. ते फलदायी आहे, पण त्यात क्रौर्य आहे, आणि या प्रदेशात आणखी एक फसवणूक आहे. येथील भातखाचरांत व तळ्यांत मिळणारे काही चिवट मासे वरची हवा श्वसतात. तरंगमपाडीला, तेव्हाच्या डेन्मार्कच्या वसाहतीत, 1791 साली डाल्डोर्फ नावाच्या लेफ्टनंटाला जो मासा ताडाच्या खोडावर चढताना आढळला, आणि ज्याच्या त्या हकिकतीवर युरोपातील पंडित पुढे कित्येक वर्षे वाद घालीत राहिले, तो तमिळ लोकांचा पनैयेरि केंडै अशांपैकीच. मरळ माशाचेही तेच. असा मासा पेटीत महिनाभर जगला, म्हणजे पाणी चांगले, असा निष्कर्ष काढून जो गृहस्थ त्यावर टेट्रा किंवा एंजल मासे आणून सोडतो, त्याने विरलेल्या प्राणवायूविषयी काहीच न सांगणारा साक्षीदार उभा केलेला असतो. काचेच्या वाडग्यांत विकले जाणारे बेटा मासेही याच जातीचे साक्षीदार.

तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत न्याय्य, मार्ग माशांविना खाद्य पुरवण्याचा. कल्हईवाल्याच्या भात्याशेजारी जो नवसागर असे, तोच अमोनियम क्लोराइड, मात्र येथे शुद्ध प्रयोगशाळेतला. बाजारातला मळकट खडा नव्हे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत साधारण 50 लिटर पाणी मावते, त्यात 0.4 ग्रॅमच्या आतबाहेर नवसागर विरघळवला की लिटरास सुमारे दोन मिलिग्रॅम नत्र मिळते. मग रोज किंवा दिवसाआड चाचणीची नळी धरावी. पहिले काही दिवस अमोनियाच्या नळीचा हिरवा रंग हलत नाही, आणि हौशी माणूस येथेच खचतो. नंतर एके दिवशी हिरव्यात पिवळी झाक दिसते, आणि त्याच सुमारास नायट्राइटची नळी, जी आजवर आकाशी राहिली होती, थेंब पडताच जांभळी होते. हा जांभळा रंग पुष्कळ दिवस टिकतो, कारण दुसऱ्या पायरीचे जीव अधिक मंदगतीने वाढतात. दोन्ही नळ्या मूळ रंगावर येऊन, पुन्हा तितकाच नवसागर घातल्यावर एका दिवसात तो नाहीसा होऊ लागला, म्हणजे पेटीचा कारभार मार्गी लागला असे समजावे. थंड देशांत यास चार ते सहा आठवडे सांगतात. तीसच्या आसपासचे उष्णमान या जिवांना मानवत असल्यामुळे तंजावरास हे काम पुष्कळदा लवकर उरकते. मात्र त्याच उष्णमानात पाण्यात विरणारा प्राणवायू लिटरास साडेसात मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि एक मिलिग्रॅम नत्र पचवण्यास साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणून जी हवा देणारी नळी इंग्रजी पुस्तकांत ऐच्छिक आहे ती येथे अनिवार्य होय.

विरजण घालणे, म्हणजे मुरलेल्या पेटीतील गाळणीचा स्पंज नव्या पेटीत पिळणे, हा उपाय वरील मार्गाला जोडला असता मुदत निम्म्यावर येऊ शकते. पुष्कळजण यासाठी गावतळ्यातील चिखल आणतात. त्यात जिवाणू असतात हे खरे, पण चतुराच्या अळ्या, माशांच्या उवा आणि कल्ल्यांत रुतणारे सूत्रकृमीसारखे दिसणारे परजीवी कवचधारीही असतात; तेव्हा ओळखीच्या घरच्या, निरोगी पेटीतला स्पंजच बरा. बाटलीतल्या जिवाणूंविषयी मत देणे अवघड आहे. त्यांतील काहींनी मुदत खरोखर कमी होते, काहींत मलमूत्र कुजवणारेच जीव असतात, आणि कोणतीही बाटली मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात महिनाभर राहिली असेल, तर तिच्या नावाचा विचार करण्याचे कारण उरत नाही. अमोनिया शोषणारे झिओलाइटचे खडे संकटकाळी उपयोगी. पण ते जिवाणूंचे खाद्यच काढून घेतात, आणि नायट्राइटवर उतारा म्हणून कोणी मीठ टाकले की साठवलेला अमोनिया परत सोडतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

राहिल्या वनस्पती. येथील कालव्यांत व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यथेच्छ वाढतात, अमोनियम थेट शोषून घेतात, आणि दाट लावल्यास पहिले दोन महिने जिवाणूंची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात; थोरल्या वॉरिंग्टनांच्या यशाचे खरे कारण बहुधा हेच असावे. परंतु उन्हात त्या कर्बद्विप्राणिद ओढून घेऊन दुपारी सामू चढवतात, आणि रात्री प्राणवायू खातात. मासे भल्या पहाटे पृष्ठभागाशी आले तर प्राणवायूचा, आणि दुपारी अस्वस्थ झाले तर अमोनियाचा संशय घ्यावा, असा स्थूल नियम सांगता येईल. दर चार दिवसांनी पाव भाग पाणी बदलणे सर्वांनाच मानवते, फक्त नव्याने घातलेले पाणी सामूने जुन्यापेक्षा फार चढे नसावे. नाही तर निरुपद्रवी अमोनियम पेटीतल्या पेटीत विष बनतो.

विजेचा प्रश्न परदेशी पुस्तकांत नसतो. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गजा वादळ वेदारण्यम्‌च्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा खांब आडवे होऊन कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. बंद गाळणीतील जिवाणू काही तासांत गुदमरतात, आणि वीज आल्यावर तशीच सुरू केलेली गाळणी कुजलेले पाणी पेटीत ओतते. म्हणून या किनाऱ्यावर मोठ्या बंद गाळणीपेक्षा बॅटरीच्या लहान हवापंपावर चालणारा स्पंजच इष्ट. वीज गेल्यास गाळणी उघडून तिचा स्पंज पेटीतच लोंबता ठेवावा, आणि माशांचे खाणे सरळ बंद करावे. निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो.

28 जानेवारीला मेट्टूरचे दरवाजे रिवाजाने बंद होतात, आणि त्यानंतर जूनपर्यंत बहुतेक घरांचा भार बोअरवर पडतो. याच काळात पेटीतील पाणीही आटते, आणि आटलेली भर बोअरनेच केली तर क्षार आठवड्यागणिक साचत जातात, कारण वाफ होते ती निव्वळ पाण्याची. तेव्हा भर घालायची ती डिसेंबरात झाकून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याची किंवा आर. ओ. यंत्राच्या पाण्याची, आणि पाव भाग बदलण्यासाठी मात्र पेटी मुळात ज्याने भरली तेच मिश्रण. फेब्रुवारीत बसवलेल्या नव्या पेटीत तर जून उजाडेपर्यंत नवे मासे एका वेळी दोनपेक्षा अधिक न सोडणे, आणि दोन खेपांत निदान दहा दिवसांचे अंतर ठेवणे इष्ट.